सह्याद्रीतले सुतार पक्षी: ओळख आणि शोध (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

थंडी संपत आली, सावरीला फुलं लागली की माझ्या फोनवर झाडाच्या खोडांचे फोटो यायला लागतात. फोटोच्या मध्यभागी कुठेतरी एक लाल ठिपका असतो आणि खाली एकच ओळ: "हा कोणता सुतार?" गेली बरीच वर्षं कोकण आणि घाटमाथ्यावरच्या जंगलात लोकांना पक्षी दाखवत फिरतो आहे. त्यात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

मराठी नावं गावागणिक आणि पुस्तकागणिक बदलतात. म्हणून जिथे गोंधळ होईल तिथे प्रचलित इंग्रजी नावच देवनागरीत लिहिलं आहे.

१. एखादा पक्षी सुतार आहे हे सगळ्यात आधी कशावरून ओळखायचं?

रंगावरून नाही, बसण्यावरून. सुतार खोडाला छाती लावून उभा बसतो, शेपटी खोडाला टेकवतो आणि झटके देत वर सरकतो. त्याची शेपटीची मधली पिसं राठ आणि टोकदार असतात. दोन पाय आणि शेपटी अशी तिवई करून तो तोललेला असतो. बहुतेक जातींत पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे उभ्या सालीवर पकड घट्ट बसते. उडताना चार-सहा वेळा पंख मारतो, मग पंख मिटून थोडा खाली येतो, पुन्हा पंख मारून वर जातो. हवेत लाटा काढल्यासारखं हे उडणं एकदा डोळ्यांत बसलं की लांबूनही चुकत नाही.

२. आमच्या अंगणात डोक्यावर पंख्यासारखा तुरा आणि लांब चोच असलेला पक्षी येतो. सगळे त्याला सुतार म्हणतात. बरोबर ना?

नाही, तो हुदहुद. महाराष्ट्रात सर्वांत जास्त होणारी गल्लत हीच आहे, अगदी भिंतीवरच्या चित्रांतही ती दिसते. हुदहुदाची चोच बारीक आणि खाली वळलेली असते. ती लाकूड फोडण्याच्या कामाची नाही, मऊ जमिनीत खुपसून अळ्या काढण्याच्या कामाची आहे. तो गवतावर चालत फिरतो, पंखांवर काळे-पांढरे पट्टे असतात आणि अंग फिकट तांबूस असतं. सुताराची चोच सरळ, छिन्नीसारखी. मात्र "जमिनीवर दिसला म्हणजे सुतार नाही" असंही समजू नका. काही सुतार जमिनीवर उतरतात, त्यांच्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

३. जंगलात टकटक ऐकू येते, पण पक्षी काही केल्या दिसत नाही. शोधायचा कसा?

आधी टकटक कसली आहे ते ऐका. खाणं शोधताना येणारा आवाज अनियमित असतो: टक, टक-टक, थांबला, मग एकदम चार. हा पक्षी बहुतेक वेळा जवळ असतो, कारण हा आवाज फार लांब जात नाही. याउलट एका दमात वाजणारा 'टर्रर्रर्र' म्हणजे ताशा. तो हद्द सांगण्यासाठी पोकळ फांदीवर वाजवलेला असतो आणि पक्षी शंभर-दोनशे मीटर लांब असू शकतो. त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये अधिक आहे.

अनियमित टकटक ऐकू आली की चालणं थांबवा आणि झाडाकडे बघण्याआधी झाडाखाली बघा. सुतार काम करत असेल तर सालीचे कपचे पडत असतात. एका फेब्रुवारीत अंबोलीजवळ आमचा गट एका ऐनाच्या झाडाखाली दहा मिनिटं माना वर करून उभा होता. झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, सगळीकडे सावल्या, पक्ष्याचा पत्ता नाही. गटातल्या एका शाळकरी मुलीच्या वहीवर नखाएवढा सालीचा तुकडा पडला. तुकडा बाहेरून काळपट होता, आतून ताजा, लालसर. त्याच्या सरळ वर पाहिलं तर आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला पक्षी उलटा लटकून काम करत होता. आम्ही सगळे खोड धुंडाळत होतो.

म्हणून शोधताना क्रम ठेवा: आधी वठलेल्या फांद्या, मग फांद्यांची खालची बाजू, मग मुख्य खोड.

४. दिसतो, पण दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत खोडामागे जातो. काय करावं?

माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे सरकायचं आणि कडेने एक डोळा बाहेर काढून बघायचं, ही सुताराची खोडच आहे. तुम्ही झाडाभोवती फिरलात तर तोही फिरतो आणि तुम्हाला पूर्ण प्रदक्षिणा घडवतो.

फिरू नका. आहात तिथेच उभे राहा, शक्य असेल तर एखाद्या झाडाला पाठ लावून. दोन-तीन मिनिटांत तो वर सरकत सरकत खोडाच्या कडेला येतोच. सुतार सहसा खालून वर चढत जातो आणि शेंड्याजवळ पोचला की उडून पुढच्या झाडाच्या बुंध्याकडे जातो. म्हणून नजर तो दिसला होता तिथे न ठेवता दोन-तीन हात वर ठेवा. दोघं असाल तर एकाने जागेवर राहावं आणि दुसऱ्याने सावकाश पलीकडे जावं.

आणखी एक सांगतो. दाट जंगलात सुतार पुष्कळदा एकटे नसतात. भृंगराज, निखार, नटहॅच (प्रश्न ९), वटवटे असा मिश्र थवा जंगलातून सरकत असतो आणि एखादा सुतार त्याच्याबरोबर असतो. भृंगराजाच्या नकला ऐकू आल्या की त्या बाजूची खोडं बघा.

५. पाहायला कुठे आणि कधी जावं?

डिसेंबर ते मार्च उत्तम. पानझडीमुळे खोडं उघडी पडतात आणि विणीचा काळ जवळ आल्याने पक्षी बोलतात, ताशे वाजवतात. सावर, पांगारा, पळस फुलले की सुतार त्या फुलांवरही येतात, मध पितात. फुललेली सावर सापडली तर सकाळचे दोन तास तिथून हलू नका. वेळ सूर्योदयापासून साधारण साडेनऊपर्यंतची.

मुंबईच्या आसपास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर, कर्नाळा. रायगडात फणसाड. दक्षिणेला राधानगरी, अंबोली, तिलारी. गोव्यात बोंडला, मोले आणि खोतीगाव. सीमेपलीकडे कर्नाटकात दांडेली. विदर्भातल्या वाचकांसाठी ताडोबा, पेंच, मेळघाट आहेतच, आणि तिथे प्रश्न ६ मधल्या व्हाइट-नेप्डची शक्यता चांगली. दक्षिणेकडे जाल तसं जंगल दाट आणि ओलं होत जातं आणि मोठ्या जाती दिसू लागतात.

६. सोनेरी पाठीचे सगळे सुतार मला सारखेच दिसतात. फरक कसा करायचा?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगतो. आपल्या भागात सोनेरी किंवा सोनेरी-हिरवट पाठीचे चार सुतार आहेत: ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक म्हणजे आपला सोनपाठी सुतार, व्हाइट-नेप्ड, मलबार फ्लेमबॅक आणि कॉमन फ्लेमबॅक. डोक्यावरचा लाल तुरा बघून यातला एकही ओळखता येत नाही. लोक नेमकं तेच बघतात आणि फसतात.

पहिल्यांदा कंबर बघा. शेपटीच्या अगदी वर, पाठ संपते तिथे. पंख मिटलेले असताना ती झाकली जाते, पण उडताना किंवा खोडावर अंग झटकताना स्पष्ट दिसते. ती काळी आहे की लाल?

काळी असेल तर दोनच शक्यता उरतात. मग गळा आणि मान बघा. सोनपाठीचा गळा काळा असतो आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात, मानेची मागची बाजूही काळी. पंखाच्या वरच्या भागात खांद्याजवळ काळ्यावर पांढरे ठिपके दिसतात. शहरात, माडाच्या वाडीत, शेताच्या बांधावर, आमराईत दिसतो तो बहुधा हाच. व्हाइट-नेप्डची मान मागून पांढरी असते. ती पांढरी पट्टी पाठीच्या वरच्या भागात उतरते आणि दोन्ही बाजूंनी काळ्या रंगाने वेढलेली असते. मागून पाहिलं तर पाठीवर काळा 'व्ही' आणि त्याच्या मधे पांढरं असं दिसतं. हा कोरड्या पानझडी जंगलाचा पक्षी आणि फक्त भारतीय उपखंडातच सापडतो.

कंबर लाल असेल तर चेहरा बघा. चोचीपासून मानेकडे जाणाऱ्या काळ्या मिशा मोजा. मलबार फ्लेमबॅकला मिशीच्या दोन रेघा असतात, त्या मागे जुळतात आणि त्यांच्या मधे पांढरी जागा राहते. डोळा फिकट, चोच लांब आणि दणकट, मान मागून पांढरी. कॉमन फ्लेमबॅकला मिशीची एकच रेघ, डोळा गडद, चोच डोक्याच्या मानाने आखूड, मान मागून काळी.

म्हणजे क्रम असा: कंबर, मग मान, मग मिशी. दरवेळी याच क्रमाने बघा.

ही सवय मला एका चुकीने लावली. सुरुवातीच्या काळात पंधरा लोकांसमोर मी पांढरी मान बघून ठामपणे मलबार फ्लेमबॅक सांगितला. सगळ्यांनी वहीत लिहूनही घेतला. मग तो उडाला आणि काळीकुट्ट कंबर सगळ्यांना दिसली. व्हाइट-नेप्ड होता. पांढरी मान दोघांनाही असते. त्या दिवसापासून कंबर दिसल्याशिवाय मी नाव सांगत नाही.

७. नर कोणता आणि मादी कोणती?

आपल्याकडच्या बहुतेक सुतारांत फरक डोक्यावर असतो. सोनपाठीच्या नराचं कपाळ ते तुरा पूर्ण लाल. मादीचा तुरा लाल, पण कपाळाचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. मलबार फ्लेमबॅकची मादी लाल नसतेच: डोकं काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. कॉमनच्या मादीचं डोकंही काळं, पण त्यावर ठिपक्यांऐवजी पांढऱ्या रेघा. व्हाइट-नेप्डची मादी सगळ्यात सोपी, तिचं डोकं पिवळं असतं. काळी कंबर आणि पिवळा तुरा दिसला तर दुसरं काही तपासायची गरज नाही.

मार्च-एप्रिलनंतर बाहेर पडलेली पिल्लं मात्र गोंधळात टाकतात. त्यांचे रंग मळकट असतात, डोळ्यांचा रंग पक्का झालेला नसतो. अशा वेळी सोबतचा मोठा पक्षी शोधा, पिल्लू त्याच्या मागे ओरडत असतंच.

८. माझ्या फोटोत पाठ हिरवट दिसते आणि पुस्तकात सोनेरी आहे. वेगळी जात असेल का?

शक्यता कमी. सोनेरी पाठ प्रकाशाप्रमाणे बदलते: सावलीत शेवाळी, कोवळ्या उन्हात पिवळीधमक, संध्याकाळी तांबूस. फोटोवरून ओळख हवी असेल तर एक पाठीचा, एक चेहऱ्याचा बाजूने आणि जमलाच तर एक उडतानाचा, असे तीन फोटो काढा. उडतानाचा फोटो हललेला असला तरी चालेल, कंबरेचा रंग त्यातही कळतो.

९. छोटा पक्षी डोकं खाली करून खोडावरून सरसर उतरत होता. सुतार असं करतो का?

नाही. सुताराला डोकं खाली करून चालत उतरता येत नाही. खाली यायचं असलं तर तो शेपटीकडून मागे मागे उड्या मारतो. डोकं खाली करून पळणारा तो नटहॅच. सह्याद्रीच्या जंगलात बहुधा व्हेल्व्हेट-फ्रंटेड: पाठ जांभळट निळी, चोच लालभडक, कपाळावर मखमली काळा पट्टा. नटहॅच शेपटीचा आधार घेत नाही, सगळा भार पायांच्या नखांवर असतो, म्हणून त्याला वर, खाली, आडवं कसंही फिरता येतं. उन्हाच्या कवडशात हा निळा रंग एकदा पाहिलात की त्या दिवशी सुतार नाही दिसला तरी रिकाम्या हाताने परतल्यासारखं वाटत नाही.

१०. चिमणीएवढे सुतार असतात का?

असतात, आणि आपल्या अगदी जवळ असतात. ब्राउन-कॅप्ड पिग्मी सुतार साधारण १३ सेंटिमीटरचा, माथा तपकिरी, पाठीवर काळे-पांढरे पट्टे, डोळा फिकट. तो बारीक फांद्यांवर काम करतो, म्हणून लोक त्याला वटवट्या समजून सोडून देतात. नराच्या डोळ्यामागे लाल रंगाची बारीकशी रेघ असते, पण ती दिसली तर नशीब.

त्याहून लहान स्पेकल्ड पिक्युलेट, जेमतेम १० सेंटिमीटरचा. याची शेपटी मऊ असते आणि तो तिचा टेकू घेत नाही, म्हणजे प्रश्न १ मधल्या नियमाला हा अपवाद. ओलसर जंगलात, विशेषतः बांबूच्या बेटांत आणि मिश्र थव्यांबरोबर शोधा.

तिसरा माझा सगळ्यात लाडका, हार्ट-स्पॉटेड. १६ सेंटिमीटर, डोक्यावर अंगाच्या मानाने फार मोठा तुरा आणि मागे शेपटी जवळजवळ नाहीच. उडताना तर नुसतं डोकंच उडतंय असं वाटतं. पंखांवर पत्त्यातल्या बदामासारखे काळे ठिपके असतात. मादीचं कपाळ पांढरट, नराचं काळं. उंच झाडाच्या शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर जोडी फिरत असते. कर्नाळा, येऊर, फणसाड इथे सकाळी वर बघायची सवय ठेवलीत तर भेटेल.

११. हिरव्या रंगाचा सुतार जमिनीवर मुंग्या खात होता. हे शक्य आहे?

अगदी शक्य. बहुधा स्ट्रीक-थ्रोटेड: पाठ हिरवी, कंबर पिवळसर, छाती-पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. तो मुंग्या आणि वाळवीसाठी जमिनीवर उतरतो. सोनपाठीही उतरतो. दुसरा हिरवा सुतार म्हणजे लेसर यलोनेप. त्याच्या मानेवर पिवळी झुपकेदार पिसं असतात, गालावर पांढरी रेघ, पोटावर आडवे पट्टे. तो जास्त करून झाडावर आणि मिश्र थव्यात असतो. 'पीऽयू' अशी एकच लांब, केविलवाणी हाक देतो.

हिवाळ्यात जमिनीवर मुंग्या खाणारा, झाडाच्या सालीच्या रंगाचा आणि मान विचित्र वळवणारा पक्षी दिसला तर तो मानमोडी. तो सुतारांच्याच कुळातला, उत्तरेकडून आलेला पाहुणा, पण खोडावर चढून लाकूड फोडणं त्याचं काम नाही.

१२. कावळ्याएवढा काळा सुतार पाहिला असं गावकरी सांगतात. खरं असेल का?

खरं असू शकतं. व्हाइट-बेलीड सुतार सुमारे ४८ सेंटिमीटरचा असतो, अंग काळं, पोट आणि कंबर पांढरी. नराचा माथा, तुरा आणि गालावरची पट्टी लाल. मादीला फक्त तुऱ्याचा मागचा भाग लाल. द्वीपकल्पीय भारतातला हा सगळ्यात मोठा सुतार. त्याला जुनं जंगल लागतं, ज्यात मोठाली वठलेली झाडं उभी आहेत असं. म्हणून तो दक्षिण सह्याद्रीत, गोव्यापासून दांडेली आणि पुढे केरळपर्यंतच्या जंगलात जास्त भेटतो.

गावकऱ्याला दोन प्रश्न विचारा: पोट कुठल्या रंगाचं होतं आणि आवाज कसा होता? पांढरं पोट आणि कुऱ्हाड चालवल्यासारखा दणका असं उत्तर आलं तर त्या माणसाला घेऊन ती जागा गाठा. जंगलात रोज जाणाऱ्या माणसाची नजर आपल्यापेक्षा पक्की असते आणि त्याचं ऐकून मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

१३. आवाजावरून जात ओळखता येते का?

काही जातींची, हो. सोनपाठी उडताना खिदळल्यासारखा 'किर्रर्रर्र' करतो, आणि तो आवाज शेवटी उतरत जातो. मलबार फ्लेमबॅकचा आवाज धातूसारखा, एकसुरी आणि किडा कर्कशतोय असा. पहिल्यांदा ऐकणारा सिकाडा समजतो.

ताशात सगळ्यात ओळखू येणारा रूफस सुताराचा (प्रश्न १४). जोरात सुरू होतो आणि मग हळू, आणखी हळू, शेवटचे ठोके अडखळत, बुलेट बंद पडताना करते तसा. असा मंदावत जाणारा ताशा दुसऱ्या कोणाचा नाही.

आणि एक फसवा आवाज: 'टुक, टुक, टुक' असा घड्याळासारखा न थांबता चाललेला. तो सुतार नाही, तांबट. तो चोच लाकडावर मारत नाही, तो त्याचा गळ्यातला आवाज आहे. पण तांबट आणि कुटुर्गा दोघंही कुजक्या फांदीत ढोली मात्र स्वतः कोरतात, म्हणून ढोलीपाशी बसलेला प्रत्येक पक्षी सुतार नसतो.

१४. मुंग्यांच्या घरट्यात सुतार अंडी घालतो हे खरं आहे का?

खरं आहे, आणि पाहायला मिळालं तर विसरता येत नाही. रूफस सुतार साधारण २५ सेंटिमीटरचा, सगळा तांबूस तपकिरी आणि अंगावर काळे आडवे पट्टे. नराच्या डोळ्याखाली लाल डाग असतो. पोट वर उचलून धावणाऱ्या काळ्या मुंग्या झाडावर शेणाच्या मोठ्या गोळ्यासारखं घरटं करतात. त्या चालत्या घरट्यातच हा पक्षी भोक पाडतो आणि आत अंडी घालतो. याच मुंग्या त्याचं मुख्य अन्नही आहेत.

पानांना शिवून घर करणाऱ्या लाल ओंबील मुंग्या वेगळ्या, त्यांच्या घरट्यात शोधू नका. गोळा सापडला की त्याला नीटस गोल भोक आहे का तेवढं लांबून बघा.

१५. "मराठा सुतार" हे नाव कुणी ठेवलं?

यलो-क्राउन्ड सुताराचं शास्त्रीय नाव लिओपिकस मऱ्हाटेन्सिस. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये त्याचं वर्णन करताना मराठ्यांच्या मुलखावरून हे नाव दिलं. इंग्रजीत तो पुष्कळ काळ 'मऱ्हाटा वुडपेकर' म्हणूनच ओळखला गेला. सतरा-अठरा सेंटिमीटर, पाठ काळी-पांढरी ठिपक्यांची, कपाळ पिवळं, नराच्या डोक्यामागे लाल, पोटाखाली लालसर डाग. दाट जंगलात नाही, बाभळीच्या रानात, माळावरच्या विरळ झाडीत आणि शेतातल्या जुन्या झाडांवर शोधा. आपल्या मुलखाचं नाव जगभर नेणारा हा पक्षी आपल्याच माळांवर दुर्लक्षित राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

१६. एवढं डोकं आपटून त्याला इजा कशी होत नाही?

बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की कवटी धक्का शोषून घेते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिवेगवान चित्रीकरणातून दिसलं की तसं होत नाही. डोकं एखाद्या घट्ट हातोडीसारखंच काम करतं. धक्का शोषला गेला असता तर लाकूड फोडायची ताकदच वाया गेली असती. मेंदू लहान असल्यामुळे तो धक्का त्याला झेपतो. जिभेबद्दलही नेहमी विचारतात: ती लांब, टोकाला काटेरी, आणि तिला आधार देणारी हाडं-स्नायूंची रचना कवटीला मागून वळसा घालून पुढे येते.

१७. माडाला किंवा आंब्याला भोकं पाडतो. झाड मरेल का? हाकलावा का?

हाकलू नका. सुतार जिथे टोचतो तिथे बहुतेक वेळा आत आधीच अळी, वाळवी किंवा कुज असते. झाडावर बसलेल्या सुताराकडे दुखणं सांगणारा म्हणून बघा आणि त्या फांदीची तपासणी करा.

माझी विनंती वठलेल्या झाडांबद्दल आहे. "मेलंय, कशाला ठेवायचं" म्हणून बागेतला वठलेला शेवगा, आंब्याची सुकी फांदी आपण लगेच तोडतो. सुतार ढोली कोरतो ती अशाच मऊ झालेल्या लाकडात. एका विणीनंतर ती ढोली तो बहुधा सोडून देतो आणि पुढच्या वर्षी तिथे पोपट, मैना, दयाळ किंवा पिंगळा येतो. यांतल्या बहुतेकांच्या चोचीला लाकूड कोरता येत नाही, त्यांना अशा आयत्या ढोल्या लागतात. फांदी घरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडण्याचा धोका नसेल तर ती राहू द्या. धोका असेल तर निदान माणसाच्या दुप्पट उंचीचा बुंधा तरी ठेवा.

१८. ढोली सापडली. फोटो काढायला किती जवळ जावं? मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर बोलावला तर?

आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत पक्ष्याला तो घुसखोर वाटतो, तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो आणि तेवढ्यात ढोली उघडी पडते. अंतराचा आकडा मी सांगत नाही, पक्षीच सांगतो: तो ढोलीकडे येऊन आत न जाता शेजारच्या झाडावर थांबला, किंवा चोचीत चारा धरून बसून राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. ढोलीत हात, काठी किंवा कॅमेरा घालू नका, तोंडावरच्या फांद्या तोडू नका आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. सुतार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

१९. सकाळी सकाळी पत्र्याच्या छपरावर ठोकत बसतो. वेडा झालाय का?

नाही, त्याला चांगला ताशा सापडला आहे. पत्रा, लोखंडी खांब पोकळ फांदीपेक्षा मोठ्याने वाजतात. विणीचा हंगाम सरला की बंद होतं. खिडकीच्या काचेवर धडकत असेल तर कारण वेगळं, त्याला प्रतिबिंबात दुसरा पक्षी दिसतो. काचेवर बाहेरून कागद किंवा कापड लावा.

२०. बोटं मोजून जात ओळखता येते असं वाचलं. जमतं का?

एका जोडीत जमतं, पण अगदी जवळून. कॉमन फ्लेमबॅकला पायाला तीनच बोटं असतात, मलबार फ्लेमबॅकला चार. खोडावर बसलेल्या पक्ष्याची बोटं सालीत बुडालेली असतात, त्यामुळे मी याचा उपयोग फक्त चांगल्या फोटोवर खात्री करण्यासाठी करतो. प्रत्यक्ष जंगलात मिशी मोजणं सोपं (प्रश्न ६).

२१. मी मुंबईजवळ कॉमन फ्लेमबॅक पाहिल्याची ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) नोंद केली, तर फोटो मागितला गेला. "कॉमन" असूनही?

इथे नावच फसवतं. कॉमन फ्लेमबॅक हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः गोवा आणि त्याच्या दक्षिणेकडच्या जंगलातला पक्षी आहे, पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेला. मुंबई-पुण्याकडे नेहमी दिसणारा सोनपाठी आहे, त्याच्या नावात "कॉमन" शब्द नसला तरी. यादीतून नाव निवडताना "कॉमन" वाचून बोट तिथे जातं आणि चूक होते. फोटो मागितला तर वाईट वाटून घेऊ नका. फोटो काढून कंबर बघा. काळी निघाली तर नोंद दुरुस्त करा. लाल कंबर, एकच मिशी, गडद डोळा आणि तीन बोटं असं सगळं दिसत असेल तर तुमची नोंद मोलाची आहे, तो फोटो जरूर जोडा, आणि मलाही पाठवा.

२२. हिमालयात किंवा श्रीलंकेत गेलो तर हीच किल्ली चालेल का?

अर्धीच. कंबर आणि मिशी बघण्याचा क्रम तोच ठेवा, पण नावं बदलतात. कॉर्बेटच्या बाजूला हिमालयन फ्लेमबॅक भेटतो, तो कॉमनसारखा दिसतो. श्रीलंकेत पाठ सोनेरीऐवजी लाल असलेले फ्लेमबॅक आहेत. निघण्याआधी त्या भागाची यादी काढा आणि तिथे नसलेल्या जाती डोक्यातून बाजूला ठेवा. सुतारांच्या ओळखीत निम्मं काम ही यादीच करते.